म्हातारा जिन्यावर थांबतो

“आता तो नवा माणूस झालाय,” मी माइकमध्ये म्हटलं, आणि माझा सराव करून घ्यायला शेजारी बसलेल्या मेलिसानं हात लांब करून माझा माइक बंद केला.

“हाऊ डू यू नो?” तिनं विचारलं.

“म्हणजे काय? हसतोय ना तो.”

“हसतोय ते लोकांना ऐकू येतंय. तुला काय दिसलं ते सांग.”

मी काचेतून खाली स्टेजकडे बघितलं. नाइटगाऊन घातलेला एक म्हातारा पलंगावर उभा राहून हात हवेत फेकत होता. मला वाटत बरंच होतं, पण दिसलं काय, ते काही केल्या सांगता येईना.

हे काम काय असतं ते आधी सांगते. याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. ज्यांना दिसत नाही असे प्रेक्षक नाटकाला येतात तेव्हा त्यांच्या एका कानात छोटं यंत्र असतं. मी थिएटरच्या मागच्या बाजूला काचेच्या खोलीत बसते आणि स्टेजवर काय चाललंय ते त्यांच्या कानात इंग्रजीत सांगते. नियम दोनच. नट बोलत असताना आपण बोलायचं नाही, दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आपलं बसवायचं. आणि दिसेल तेच सांगायचं, त्याचा अर्थ सांगायचा नाही. “तो दुःखी आहे” म्हणायचं नाही. “तो मान खाली घालतो” म्हणायचं. दुःख ज्याचं त्यानं ओळखायचं.

दुसरा नियम मला नवा नव्हता. इथं अमेरिकेत, शॉमबर्ग गावातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. तिथं बग रिपोर्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या चुकीच्या नोंदीत, “ॲप बिघडलंय” असं लिहिलं तर डेव्हलपर अंगावर यायचे. “बटण दाबलं, स्क्रीन पांढरा झाला,” असं लिहावं लागायचं. लेऑफमध्ये ती नोकरी गेली आणि त्याच शिस्तीच्या जोरावर हे पार्टटाइम काम मिळालं. पण माझं दुसरंही एक शिक्षण झालेलं होतं. इथल्या मराठी मंडळात गणपतीला आणि दिवाळीला सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. आपल्याकडचं सूत्रसंचालन म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच “आता तुमचे डोळे पाणावणार आहेत” असं बजावून ठेवायचं. ती सवय जाता जात नव्हती. मेथी निवडताना काड्या बाजूला टाकाव्यात तशी मेलिसा माझी विशेषणं टाकून द्यायची.

नाटक कोणतं ते तुम्ही ओळखाल. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली गोष्ट. एक चिक्कू, आपमतलबी म्हातारा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री भुतं येऊन त्याला त्याचंच आयुष्य दाखवतात आणि सकाळी तो उठतो तो बदलूनच. डिसेंबर आला की अमेरिकेत गावोगावची थिएटर्स हेच लावतात. आमच्याकडे म्हाताऱ्याचं काम वर्षानुवर्षं वॉरन नावाचा नट करतो. डिस्क्रिप्शन मात्र आमच्या थिएटरमध्ये या वर्षी पहिल्यांदाच होणार होतं, एका रविवारी दुपारच्या शोला.

त्याच आठवड्यात कुंदाकाकूंचा फोन आला. काकू आमच्या मंडळातल्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला आता बराच काळ लोटलाय.

“अनघा, मी तिकीट काढलंय गं. तूच बोलणार ना कानात? जरा कमी बोल हं. गणपतीत फार बोलतेस.”

“हो काकू.”

“आम्ही दोघं दर वर्षी जायचो. हे कानात सांगायचे. पुढच्या रांगेतले लोक शू शू करायचे. शेवट आला की हे म्हणायचे, ‘बघ, आता बदलला बरं का.’ मी विचारायची, कशावरून? तर म्हणायचे, ‘अगं, दिसतंय ना.’” काकू हसल्या. “मला काय दिसणार, कपाळ? मला एवढंच ऐकू यायचं की आधी चिडून ओरडत होता तो आता हसून ओरडतोय. तेवढ्यानं माणूस बदलतो होय?”

मीही हसले. मग काकूंचा आवाज उतरला.

“हे गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष. मला एकच कळायला हवंय. ह्यांना खरंच काही दिसायचं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणायचे? शेवटच्या आजारातही रोज म्हणायचे, ‘आज बरं वाटतंय.’ ते खोटं होतं. मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. तेव्हापासून त्यांची सगळीच वाक्यं तपासून बघावीशी वाटतात बघ.”

मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

टेस्टरनं जे करावं ते मी केलं. पुन्हा पुन्हा नाटक बघितलं. दर वेळी त्या शेवटच्या भागात वॉरनच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसले. डोळे मोठे होतात. दात दिसतात. हात पसरतात. पण हे कुठलाही नट करेल, आणि मंडळाच्या स्टेजवर आमचे हौशी लोकही करतात. यात बदललेला माणूस कुठे होता? काकांनी बायकोला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं असणार, असं मला वाटायला लागलं. हे काकूंना कसं सांगायचं, या विचारानं जेवण गोड लागेना.

मग एक शो हाउसफुल झाला आणि मला अगदी कडेची, खांबामागची सीट मिळाली. तिथून वॉरनचा चेहराच दिसत नव्हता. दिसत होता फक्त त्याच्या घराचा जिना.

जिना अरुंद आहे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. पहिल्या अंकात म्हातारा वरून खाली येतो तेव्हा त्याची मोलकरीण बादली घेऊन वर चढत असते. म्हातारा थांबत नाही. तिच्याकडे बघतही नाही. बिचारी बादली सांभाळत उलट्या पावलांनी खालपर्यंत उतरते आणि त्याला वाट करून देते. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. कुणाचं लक्ष जात नाही, कारण तेव्हा म्हाताऱ्याची बडबड चाललेली असते.

शेवटी, ख्रिसमसच्या सकाळी, म्हातारा हसत जिना उतरतो. मोलकरीण बादली घेऊन चढत असते. त्याला बघताच सवयीनं तिचं पाऊल मागे जातं. आणि म्हातारा थांबतो. पाठ भिंतीला लावतो, कोटाचा घेर हातानं आवळून घेतो आणि तिला वर जाऊ देतो.

बस. एवढंच. इतक्या वेळा बघूनही मला हे दिसलं नव्हतं, कारण तेव्हा मी त्याचं हसू बघत होते. वॉरननं म्हाताऱ्याचा अख्खा स्वार्थ त्या जिन्यात ठेवला होता आणि तिथूनच काढून घेतला होता. स्क्रिप्टमध्ये त्याचा एक शब्द नव्हता, हे मी घरी जाऊन तपासलं. काकांना हेच दिसत असणार, याची मला खात्री पटली.

आता प्रश्न फटीचा होता. वॉरन हसत हसत भिंतीला टेकतो आणि हसतानाच पुढचं वाक्य सुरू करतो. मध्ये श्वासाइतकीही जागा नाही. मला निदान दोन वाक्यं बोलायला हवी होती.

“वॉरनला सांगू का थोडं थांबायला?” मी मेलिसाला विचारलं.

“वॉरनला?” ती हसली. “तो कुणासाठी थांबत नाही. बाकीच्या नटांना विचार.”

ते खरं होतं. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत वॉरन आपलं सुरू करायचा. शेवटी टाळ्या घ्यायला सगळे ओळीत उभे राहायचे, तर हा एक पाऊल पुढे. तरी मी गेले. तो मेकअपच्या आरशासमोर बसला होता.

“जिन्यावर तुम्ही तिला वाट देता,” मी म्हटलं.

त्याचा हात गालावरच थांबला. “कुणी सांगितलं?”

“मला दिसलं.”

“आजवर कुणी बोललं नाही. डायरेक्टरसुद्धा नाही.”

“आणखी एका माणसाला दिसत होतं,” मी म्हटलं, आणि काका-काकूंचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, “त्या शोला तिथं जरा थांबाल का? मला बोलायला जागा मिळेल.”

त्यानं पुन्हा गालाला रंग लावायला सुरुवात केली.

“नो,” तो म्हणाला. “हसता हसता मी गप्प झालो तर लोकांना काय वाटेल माहितेय? म्हातारा लाइन विसरला. माझ्या वयाच्या नटाला एकदा तसा शिक्का बसला की पुढच्या वर्षी काम मिळत नाही. आय ॲम सॉरी.”

मी घरी आले आणि माझं वाक्य कापत बसले. दोनाचं एक केलं, एकाचं अर्धं. शेवटी उरलं, “पाठ भिंतीला. ती वर जाते.” हेही त्याच्या बोलण्यावर चढणार होतं. पण पहिल्या अंकातल्या दोन्ही भेटी मी नीट बसवल्या. आधी काय होत होतं ते माहीत नसेल तर नंतर काय बदललं ते कळत नाही. बग रिपोर्टचंही तसंच असतं.

रविवारी शोच्या आधी टच टूर होती. म्हणजे अंध प्रेक्षकांना स्टेजवर नेऊन सामान, कपडे हातांनी बघू द्यायचे. काकूंना मी जिन्यावर नेलं. त्या दोन्ही हात पसरायला गेल्या, तर कोपरं सरळ व्हायच्या आतच तळवे दोन्हीकडच्या भिंतींना टेकले.

“एवढासाच? मग इथून दोन माणसं जाणार कशी गं?”

“जात नाहीत, काकू.”

मी त्याहून जास्त बोलले नाही. खाली वॉरन अर्धा वेश चढवून उभा होता. टच टूरला तो कधी येत नाही. मी काकूंना सांगितलं, हाच तो नट. काकूंनी त्याच्या दिशेनं मान वळवली आणि आपल्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, “माझ्या मिस्टरांना तुमचं काम आवडायचं.”

“आणि तुम्हाला?”

“आय डोन्ट नो येट,” काकू म्हणाल्या.

वॉरन आत गेला.

नाटक सुरू झालं. जिन्यावरच्या पहिल्या भेटीला मी म्हटलं, “मोलकरीण बादली घेऊन उलटी खाली उतरते. तो बघत नाही.” दुसऱ्या भेटीला पुन्हा तेच शब्द. भुतं येऊन गेली. सकाळ झाली. चर्चच्या घंटा वाजल्या. वॉरन हसत जिना उतरायला लागला. मी श्वास घेऊन ठेवला.

मोलकरणीचं पाऊल मागे गेलं. वॉरन थांबला. पाठ भिंतीला लावली. आणि त्याचं हसणं बंद झालं.

एक शब्द नाही. सगळं थिएटर गप्प. आमच्या खोलीतल्या दुसऱ्या स्पीकरमधून स्टेज मॅनेजरचा घाबरलेला आवाज आला, “वॉरन लाइन विसरलाय. कुणीतरी आठवण करून द्या त्याला.”

मेलिसानं त्याला उत्तर द्यायचं बटण दाबलं. “नको. कुणी काही करू नका.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “गो.”

मी बोलले. कापून टाकलेलं सगळं परत घेतलं. “तो थांबतो. पाठ भिंतीला लावतो. कोट अंगाशी आवळून धरतो. ती खाली उतरू लागली होती, ती थबकते. त्याच्याकडे बघते. मोकळ्या जागेकडे बघते. अखेर बादली उचलून ती त्याच्यासमोरून वर जाते.” माझं संपलं तरी वॉरन उभाच होता. त्या शांततेत बाकीच्या प्रेक्षकांनाही जिना दिसला. सगळ्या थिएटरमधून एक हलका सुस्कारा आला. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग वॉरननं आपलं वाक्य म्हटलं, अगदी हळू. त्या वाक्यावर तो नेहमी ओरडायचा. माझे डोळे वाहत होते. लोकांच्या कामावर नापसंतीचे शेरे मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण त्या दुपारी माझ्याकडे एकही शेरा नव्हता.

शोनंतर मी वॉरनला गाठलं. “माझा आवाज तर तुम्हाला ऐकू येत नाही. माझं संपलं हे कसं कळलं?”

“तुझ्या त्या काकूकडे बघत होतो,” तो म्हणाला. “चौथ्या रांगेत कडेला बसली होती. बराच वेळ ताठ होती. मग तिनं खांदे आवळले आणि खुर्चीत बाजूला सरकली. कुणाला तरी वाट द्यावी तशी. तेव्हा म्हटलं, आता बोलायला हरकत नाही.”

लॉबीत काकू कोट घालून मुलाची वाट बघत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“म्हणजे दिसत होतं ह्यांना,” त्या म्हणाल्या.

“हो काकू.”

“फक्त सांगता येत नव्हतं. इंजिनियर ना.” त्यांनी रुमाल काढला. “निदान हे एक तरी खरं बोलत होते. एक खरं निघालं की बाकीच्यांकडे बघायला धीर येतो गं.”

मी त्यांचा हात धरला. मुलगा गाडी घेऊन आला तोवर आम्ही तशाच उभ्या होतो.

वॉरनला पुढच्या वर्षीचं काम मिळालंय. तो आता प्रत्येक शोला जिन्यावर थांबतो. स्टेज मॅनेजर अजूनही तिथं घाबरतो आणि नाटक लांबतंय म्हणून कुरकुरतो. टाळ्या घेताना वॉरन अजूनही एक पाऊल पुढेच असतो, ते काही बदललेलं नाही. मेलिसानं मला शाबासकी दिली आणि लगेच सांगितलं की “अखेर” हे माझं मत होतं, पुढच्या वेळी ते काढायचं. मी काढलं.

माणूस बदलला असं कुणी म्हणालं की हल्ली मी एकच विचारते, तुला काय दिसलं? आणि तो हसत असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसत नाही. अरुंद जिन्यावर समोरून कुणी चढून येईपर्यंत थांबते.