आईच्या हिरड्या

माझ्या आईचा एकही दात किडला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात अजूनही लोक म्हणतात, तिचे दात किडून गेले. किडून बिडून काही नाही! पंचेचाळिशीच्या आत सगळे दात गेले ते हिरड्यांपायी, आणि त्याचा संताप मला आजही येतो.

आबा, म्हणजे माझे वडील, पौडच्या बाजारातून तंबाखू आणायचे. आई ती तव्यावर काळीठिक्कर भाजायची, कुटायची आणि मिसरी करून डबीत भरायची. सकाळी एकदा आणि दुपारी भांडी उरकल्यावर एकदा ती मागच्या दारी बसायची आणि बोटानं हिरड्या घासायची. रक्त यायचं. रक्त आलं की आणखी जोरात घासायची. “नासकं रगात हाय, जाऊंदे भाईर,” म्हणून थुंकायची. आमच्याकडं सगळ्या बायका हेच म्हणायच्या, आणि मलाही ते खरंच वाटायचं.

साठ सालाच्या आसपास मी पुण्यात नर्सचं शिकत होते. एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला जबड्याचं चित्र काढून दाखवलं. दात म्हणजे काही भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे, म्हणाले. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. एक टोक मुळावर, एक हाडात. दात त्या तंतूंनी धरलेला असतो. भाकरी चावताना बसणारा दणका तेच सोसतात, म्हणून हाडाला इजा होत नाही. हिरडी वरून दाताच्या मानेला गच्च आवळून बसते आणि खाली घाण जाऊ देत नाही. ती सुटली की आत पू होतो, तंतू तुटतात, हाड झिजतं. झिजलेलं हाड परत भरत नाही. वर दात अगदी धडधाकट, आणि खाली त्याला धरायला काही उरलेलं नाही. मी वहीत उतरवून घेत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक उठत होती.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवलं आणि आ करायला लावलं. हिरड्या काळवंडून खाली सरकल्या होत्या. दाबल्या की पू येत होता. खालचे पुढचे चार दात बोटानं हलत होते. दुसऱ्याच दिवशी तिला एस.टी.त घालून पुण्याला नेलं. डॉक्टरांनी चार काढले, बाकीचे साफ केले आणि म्हणाले, “मिसरी बंद केली तर उरलेले राहतील. नाही केली तर मला परत दाखवायला आणू नका.” घरी आल्यावर मी डबी ओढ्यात रिकामी केली. केवढा अभिमान वाटला होता मला! गाढव होते मी.

महिन्यानं परत आले तर आई मागच्या दारी, बोट तोंडात. माझा तोल गेला. “आई, तुला कळत कसं न्हाई? दात ठेवायचेत का न्हाई तुला?” तिनं सावकाश चूळ भरली.

“आगं, मिसरी लावली की मला कुणी उठवत न्हाई.”

खरं होतं ते. तोंडात मिसरी असलेल्या बाईला आमच्या घरात कुणी हाक मारत नसे. तिला बोलता येत नाही, म्हणून कुणी काम सांगत नसे. मिसरी गेल्यावरही आधी काही दिवस तिनं त्याच जागी नुसतं बसून बघितलं होतं. पण ती रिकाम्या हातानं बसलेली दिसली की कुणी ना कुणी म्हणायचंच, वैरण टाक, शेण भर, दळण घे. दिवसातनं दोनदा मिळणारा विसावा मीच ओढ्यात फेकला होता.

मी तडक आबांकडं गेले. म्हटलं, “तिला दुपारी मिसरीबिगर बसू द्या.” ते हसले. “मी कवा नको म्हनलं? बसू दे की!” वाईट नव्हते हो ते. त्याचाच जास्त राग यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नुसती बसली. मी शेजारी बसले. पाच मिनिटंही झाली नसतील, आतून आवाज आला, “पानी दे गं.”

“ती बसलीय,” मी म्हटलं.

आबा दारात आले. आईकडं बघितलं आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, “का? बरं न्हाई का?”

आई उठली. त्यांना पाणी दिलं, फळीवरून डबी घेतली आणि परत येऊन मिसरी लावत बसली. आबांना आणखी पाणी हवं होतं. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि स्वतः जाऊन माठातून घेतलं. मग मात्र मी तोंडाला येईल ते बोलले त्यांना. आईनं तोंडातलं बोट काढलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं मला गप्प बसायची खूण केली.