वहिनींचा मानलेला भाऊ

सख्खा भाऊ असून माझी आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका तसं करतात. आम्ही कोपरखैरण्याला आणि मामा करंजाड्यात, मध्ये एक बस बदलायची. तरी मामा यायचा नाही. दिवाळीची बुकिंगं आहेत, मंडप सोडून कसा येणार, असा निरोप यायचा.

मामा एका मंडपवाल्याकडे होता. शेठ आमच्याच गावाकडचे, साताऱ्याकडचे. आईच्या लग्नासाठी आजोबांनी त्यांच्याकडून उचल घेतली आणि फिटेपर्यंत पोरगं कामाला राहील असं ठरलं. ती कधी फिटली ते कुणी सांगितलंच नाही. आजोबा गेले, शेठ गेले, धंदा शेठच्या पुतण्याकडे आला. मामा गोडाऊनमध्येच झोपायचा, छतापर्यंत रचलेल्या खुर्च्यांच्या मधल्या बोळात. पगार नाही. जेवण शेठच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून. एकदा त्याने पुतण्याला विचारलं, बहिणीकडे राहायला जाऊ का. पुतण्या म्हणाला, "आधी फेड, मग जा."

हे कळलं तेव्हा मी महापेला नोकरीला लागले होते. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. या प्रकाराला कायद्यात वेठबिगारी म्हणतात आणि तिला बंदी आहे, हे मी वाचून काढलं. मामाला घेऊन प्रांत ऑफिसात अर्ज दिला. अर्जावर त्याने स्वतः अंगठा उठवला. पण परत निघालो तेव्हा म्हणाला, "वहिनींस्नी वाईट वाटंल."

तेव्हापासून माझा त्याच्यावरही भरवसा राहिला नाही. मी राजीखुशीने राहतो, एवढं वाक्य तो सुनावणीत बोलला असता की सगळं संपलं असतं. मग तो त्या बोळातच म्हातारा झाला असता.

सुनावणीच्या आधी वहिनी आमच्या घरी आल्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, आईसाठी साडी. सोफ्याच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "कशाला गं ही कोर्टकचेरी? घरातलं घरात मिटवू की. मी काय त्याला उपाशी ठेवलाय?"

"मिटवू म्हणजे काय करू?" मी विचारलं.

"शिकलेली पोरगी तू. तुला काय सांगायचं!"

पुतण्याने पाठवलं असणार, हे मला दारातच कळलं होतं. त्या गेल्यावर आईने लाडू उचलला. मी डबा बाजूला सरकवला.

"विष घातलंय व्हय त्यात?" आई म्हणाली. "बी.कॉम. झालीस, पोलीस न्हाई झालीस."

"साडी कशाला दिली तेवढं सांग मग."

आईने साडीची घडी मात्र मोडली नाही.

सुनावणीच्या दिवशी वहिनी पुतण्याच्या गाडीतून आल्या. मामाला मी बाकावर माझ्या शेजारी बसवलं होतं. त्या दिसल्या तसा तो उठला, त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना जागा देऊन स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. "मामा, बस," मी म्हटलं. "असू दे गं, बसून पाय आखडत्यात," तो म्हणाला. पुतण्या माझ्याकडे बघून हसला.

अधिकारी बाई होत्या. वहिनींना त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, गाव विचारलं. मला तेही खटकलं. ह्या पण त्यांच्याच ओळखीच्या निघायच्या, असं मनात आलं.

"नोकर कुठला साहेब, भाऊ आहे माझा," वहिनी म्हणाल्या. "मला सख्खा भाऊ नाही. दरवर्षी ह्यालाच ओवाळते. हे गेल्यापासून मला कुणी कार्याला पुढं बोलवत नाही. ताट हातात धरायचा हा एकच दिवस राहिलाय."

बाईंनी मामाकडे पाहिलं. "ओवाळतात तुम्हाला?"

"व्हय. दरसाल."

झालं, मला वाटलं. हरलो. आई घरी चंद्राला ओवाळत होती आणि तेव्हा तो इथे पाटावर बसत होता, हे मला त्या खोलीत कळलं. वहिनींचा राग आला, त्याहून जास्त मामाचा.

बाईंनी लिहून घेतलं. मग एखादी बाई दुसरीला सहज विचारते तसं विचारलं, "मग भाऊ ओवाळणी काय घालतो?"

"पाचशेची नोट," वहिनी म्हणाल्या. "मीच देते ना त्याच्या हातात आधी. नाहीतर त्याच्याकडं कुठनं येणार?"

पुतण्या खोकला. "काकी, तेवढं विचारलं नाही त्यांनी."

"गप रे. खोटं काय आहे त्यात?"

बाईंचं पेन थांबलं. "वर्षभर काम करतो आणि त्याच्याकडे पाचशे रुपये नसतात?"

"घरच्या माणसाला कुणी पगार देतं का साहेब?"

मामाला वाटलं, वहिनी अडचणीत आल्या. तो मदतीला धावला. "एकच नोट हाय ती, साहेब. शकुनाची. सण झाला की वहिनी देव्हाऱ्यात ठेवत्यात. नोटबंदीत जुनी गेली, तेवढी बदलली."

कारकून हसला. बाई हसल्या नाहीत. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी पुतण्याला विचारले.

जिन्यात वहिनींनी माझा दंड धरला. "मी काय चुकीचं बोलले गं?" मी हात सोडवून घेतला. त्यांना खरंच कळलं नव्हतं, का सगळं कळूनच त्या बोलल्या होत्या, हे मला आजही ठरवता येत नाही. आई म्हणते, त्या बाईनंच त्याला सोडवला. मी म्हणते, अर्ज मी केला होता.

मामा सुटला. त्याच्या मुक्ततेचा दाखला मी स्वतः जाऊन आणला. आता तो आमच्याकडेच राहतो, महापेला एका कंपनीची बाग बघतो.

यंदा आईने पहिल्यांदा त्याला ओवाळलं. तो खिशात हात घालत होता तेव्हा मी आईच्या हातांकडे बघत होते, तिने आधी गुपचूप काही दिलं तर नाही ना म्हणून. नव्हतं दिलं. नोट त्याचीच होती. आई तोंडाला पदर लावून आत गेली.

जेवण झालं तसा मामाने नवा शर्ट झटकला. "येतो जरा करंजाड्यास्नं. वहिनी वाट बघत असतील."

"वेड लागलंय का?" मी म्हटलं. "तिथून परत सोडतील तुला?"

"अगं, ताट घिऊन बसल्या असतील."

आई म्हणाली, "जाऊ दे त्याला." मी रिक्षा बोलावली आणि त्याच्या शेजारी बसले. एकट्याला मी पाठवणार नव्हते.

वहिनींनी पाट मांडलेला होता. पुतण्या दिसला नाही. तो आतल्या खोलीत असेल म्हणून मी तिकडेच बघत राहिले. मामा पाटावर बसला. त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट एका हातावर घेऊन दुसरी मूठ नेहमीसारखी त्याच्यापुढे केली. मुठीतून नोटेची कड दिसत होती.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," मामा म्हणाला. "हाय माझ्याकडं."

त्याने खिशातली नोट काढून ताटात ठेवली. वहिनी ताटाकडे बघत राहिल्या, मूठ तशीच पुढे. मग मला म्हणाल्या, "तू का दारात? ये की आत, फराळ कर."

"नको. आम्हाला निघायचंय," मी म्हटलं. मी चपलाही काढल्या नव्हत्या.