गौलीगुड्यातला निळा पडदा

राग गिळावा, असं आमच्या आईचं म्हणणं. मला ते कधी जमलं नाही. मी राग जपून ठेवते आणि वेळ आली की वापरते. त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची वाट बघणार नाही.

देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. बाहेरचे सुटे भाग सहज मिळू लागले होते आणि हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या. आमची बरकतपुऱ्यात होती, एका डॉक्टरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. आम्ही टेलिफोनचं कार्ड बनवत होतो. ते कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, फोनची तार त्यात खोचायची; फोन वाजला की कार्डाने तो उचलायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज साठवून ठेवायचा. गॅस एजन्सीवाल्यांना हे फार हवं होतं, कारण सिलिंडरचं बुकिंग घेता घेता त्यांच्या माणसांचे कान किटून जात. कार्ड आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा ड्रायव्हर लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी उमेदवारीवर होते. हे काम जमलं तर नोकरी पक्की, नाही तर काचीगुड्याला घरी बसायचं.

फोन वाजला की कार्ड मशीनला हटकतं: हातातलं सोड, आधी माझ्याकडे बघ. याला इंटरप्ट म्हणतात. एरवी त्यात भिण्यासारखं काही नाही. धोका असतो तो सुरुवातीला, ड्रायव्हर स्वतःच अजून उठून उभा राहत असतो तेव्हा. म्हणून मी क्रम असा लावला होता: आधी कार्डाला गप्प करायचं, मग आवाज ठेवायला मेमरीत जागा मागून घ्यायची, मग हाकेला ओ देणारा भाग जागेवर बसवायचा, कार्डात आधीची एखादी हाक अडकली असेल तर ती पुसून टाकायची, आणि सगळ्यात शेवटी कार्डाला बोलायची मुभा द्यायची. दुकानदार गल्ल्यावर माणूस बसवतो आणि मगच शटर वर करतो, तेवढीच अक्कल यात आहे. पण ती मला एका जाडजूड इंग्रजी मॅन्युअलशी डोकं फोडून मिळवावी लागली होती.

तेवढ्यात पुण्याहून आमचा नवा प्रोजेक्ट लीडर आला. ऑफिसात मराठी बोलणारं दुसरं माणूस आलं म्हणून मला कोण आनंद झाला. एकटा राहतो, मेसमध्ये जेवतो, हे कळल्यावर आई माझ्या डब्यात त्याच्यासाठी जास्तीचे धपाटे घालू लागली. आमचं घराणं निजामाच्या वेळचं, मराठवाड्यातून इथे आलेलं. आमच्या मराठीत दखनी मुरलेली. आम्ही ‘हौ’ म्हणतो, ‘नक्को’ म्हणतो. महिन्यापूर्वीची गोष्टसुद्धा आमच्याकडे परवाच घडलेली असते. धपाटे चावता चावता तो सगळ्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल करायचा. “ही मराठी आहे की कव्वाली?” असं विचारून स्वतःच हसायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात ती. मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

गौलीगुड्यातल्या एका एजन्सीत पहिलं कार्ड बसलं आणि आठवड्याभरात मालक चिडून ऑफिसात आले. सकाळी मशीन चालू केलं की पडदा निळाशार होतो आणि सगळं ठप्प. आमचा बॉस हादरला. लीडर मात्र शांत. तो भाग हिचा आहे, त्याने सांगितलं, मुलगी कष्टाळू आहे पण काम कच्चं, हिच्यावर सोपवायला नको होतं. मी समोर बसले होते. त्याच बैठकीत माझ्याकडून ड्रायव्हर काढून घेतला आणि मला फ्लॉप्यांच्या नकला करायला बसवलं. महिनाअखेरीला माझा काय तो निकाल लावू, असं बॉस म्हणाला. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

नकला करता करता मी एजन्सीला गेलेला ड्रायव्हर उघडून बघितला. माझा क्रम मोडला होता. कार्डाला बोलायची मुभा सगळ्यात आधी दिलेली होती आणि मेमरीतली जागा मागाहून मागितली होती. मध्येच फोन वाजला तर ड्रायव्हर नसलेल्या जागेत आवाज ठेवायला जाणार आणि तोंडावर आपटणार. मी लीडरला गाठलं. त्याने नाकारलं नाही. उलट ऐटीत म्हणाला की माझ्या कडीकोयंड्यांमुळे मशीन सुरू व्हायला उशीर लागत होता, तो त्याने कमी केला. “आणि इथे तर ते दर वेळी सुरू होतंय. तुझ्याकडे पुरावा काय आहे?”

पुरावा नव्हता, हे खरं. ऑफिसात फोनची लाइन एकच, तीही बॉसच्या टेबलावर. मशीन सुरू होऊन तयार झालं की मगच बॉस ती आम्हाला तपासायला द्यायचा. त्यामुळे मशीन सुरू होताना फोन वाजण्याचा प्रसंग आमच्याकडे कधी आलाच नव्हता. आणि एजन्सीत लीडर जायचा तो दुपारी, जेवण उरकून. तेव्हा मशीन सुरळीत चालायचं. मग तो तिथल्या विजेला नावं ठेवून परत यायचा.

मालकांना फोन करून मी चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, “सुबू-सुबू इच मरता ये, मेडम. दोपहर कू अच्छा रैता.”

मला हसू फुटलं. गौलीगुड्यात ज्याच्या घरी चूल पेटते त्याला हे ठाऊक असतं: शटर उघडायच्या आधीपासून अख्खा मोहल्ला फोन फिरवत बसलेला असतो, कारण पहिल्या बुकिंगवाल्याचा सिलिंडर पहिला निघतो. मेसमध्ये जेवणाऱ्याला हे कुठून कळणार? मी मालकांना एवढंच सुचवलं की पुढच्या तपासणीला दुपारची वेळ देऊ नका. एजन्सी उघडायच्या वेळी बोलवा, बॉसलाही बोलवा, आणि फोनची तार कुणाला काढू देऊ नका. लीडरला मी अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गुपचूप दुरुस्त करून त्याचंही श्रेय घेतलं असतं.

त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गल्ल्यावर मालकांच्या आई बसल्या होत्या. एजन्सी त्यांच्याच नावावर होती, आणि बुकिंग हरवलेली माणसं रोज त्यांनाच येऊन भांडत. त्यांना तेलुगूशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. लीडरने मशीन चालू केलं. फोन वाजला, पडदा निळा. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा. तो विजेबद्दल बोलू लागला. मी बॉसला तेलुगूत म्हटलं, फोनची तार काढून बघू. तार काढल्यावर मशीन निमूट सुरू झालं. तार लावून पुन्हा सुरू केलं तर निळा. मग मी माझा जुना ड्रायव्हर घातला. फोन खणखणत होता, मशीन उठत होतं, आणि उठल्यावर कार्डाने पहिलाच फोन उचलला. स्पीकरवर कुणी बाई सिलिंडर मागत होत्या. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

बॉसने क्रम कुणी बदलला विचारलं. लीडर म्हणाला, टीमने.

मी म्हटलं, “कच्च्या कामाला माझं नाव घेतलं होतंत ना, सर? आता स्वतःचं घ्या.”

बॉसने त्याच्यावरची नजर काढली नाही. शेवटी लीडरने खालच्या आवाजात इंग्रजीत सांगितलं की बदल त्याने केला होता आणि मूळचं बरोबर होतं. बॉसने मान हलवली आणि मला म्हणाला, ड्रायव्हर परत तुझा, पत्र उद्या घे. माझी नोकरी पक्की झाली होती. इथे थांबायला हरकत नव्हती. पण माझं पोट भरलं नव्हतं.

मी म्हटलं, “त्रास अम्मांना झाला. त्यांना इंग्रजी येत नाही.”

“मग तू सांग ना त्यांना,” लीडर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“शब्द मी सांगते. म्हणायचं तुम्ही.”

मला वाटलं होतं, आता तरी दया येईल. नाही आली. मी सांगितलं: तप्पु नादे, अम्मा. चूक माझीच. तो गल्ल्यासमोर उभा राहून अडखळत माझ्यामागून म्हणाला. अम्मांनी कानामागे हात धरला आणि काय म्हणतोय हा, म्हणून मला विचारलं. मी त्याला पुन्हा शब्द सांगितले, या वेळी आणखी सावकाश, लहान पोराला शिकवतात तसे.