साक्षीचा तुकडा

दुसऱ्यांच्या डब्यात इतका जीव अडकलेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. शाळेसमोर राहणारे हवालदार आजोबा माझे नात्याने कोणी नव्हते. कुंडलकडच्या आमच्या गावात ते सगळ्या शाळेचेच आजोबा होते. सगळी नोकरी त्यांनी लष्कराच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात काढली होती. नव्वद सालाच्या सुमाराला पेन्शन घेऊन ते गावी आले. बायको आधीच गेलेली, मुलगी मेढ्याला दिलेली. पलटणींना जेवू घातलेल्या माणसाला घरात जेवायला घालायला एक म्हैस तेवढी उरली. मग मधल्या सुट्टीची घंटा झाली की ते हातात काठी घेऊन शाळेच्या चिंचेखाली हजर व्हायचे. त्यांना कोणी नेमलं नव्हतं आणि 'येऊ नका' म्हणायची हिंमत हेडमास्तरांतही नव्हती.

आम्ही गोल बसायचो. हात धुतल्याशिवाय डब्याचं झाकण उघडायचं नाही, असा हुकूम होता. मग आजोबा वाकून एकेका डब्याचा वास घेत फिरायचे. कालची उसळ त्यांना चार पोरं पलीकडून कळायची. एकदा एकाने कल्हई उडालेल्या पितळी डब्यात ताकातली कढी आणली होती. आजोबांनी ती हिरवट कढी लांब खड्ड्यात ओतली, त्याला स्वतःच्या घरची भाकरी दिली आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन, "पोरगं वाचवायचं आसंल तर आदी कल्हईवाल्याला गाठा," असं उंबऱ्यातूनच सुनावून आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपाती दिसली की म्हणायचे, "बातम्या डोळ्यानं वाचायच्या आस्त्यात गड्या, पोटात घालायच्या न्हाईत." बोटांना रंग लावणारी तळलेली बॉबी आणि पिशवीतली बर्फाची पेप्सी यांना चिंचेखाली बंदी होती. भाकरी धुतलेल्या फडक्यात आणायची. प्लॅस्टिकची पिशवी सापडली, तर ती घडी घालून आईला परत द्यायची. आणि ज्याच्या डब्यात अन्न उरेल, त्याने ते आजोबांच्या म्हशीला नेऊन घालायचं आणि तिच्यासमोर सावधान उभं राहून 'चुकलं माझं' म्हणायचं. म्हैस कान हलवेपर्यंत माफी मिळाली असं धरत नसत.

पण आजोबांचं खरं भांडण होतं ते आयांशी. गावात कुठल्याही घरी डबा रिकामा आला की पोराची आई म्हणायची, पोराला कमी पडलं. दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्त. उरलेला आला की म्हणायची, माझ्या हातचं आवडत नाही व्हय रं तुला? त्यामुळे पोरं उरलेलं शाळेच्या भिंतीमागे टाकायची आणि रिकामा डबा घरी न्यायची. मग आणखी एक भाकरी वाढायची आणि भिंतीमागचा ढीगही वाढायचा. आजोबांनी तो ढीग पाहिला त्या दिवशी ते जेवले नाहीत. ते आयांना समजवायला पाणवठ्यावर गेले, तेव्हा एक जण म्हणाली, "आवं हवालदार, तुमी म्हशीला घाला मोजून. पोरांना आमी घालतो."

तेव्हा आजोबांनी साक्षीचा तुकडा काढला. प्रत्येकाने पोटभर जेवायचं आणि शेवटचा एक तुकडा डब्यात ठेवून घरी न्यायचा. तो आईला सांगेल की पोराचं पोट भरलंय, त्याला कमी पडलेलं नाही. आणि तो घरी गेल्यावर खायचा. आयांना हे पटलं. भाकरी बेताची येऊ लागली, भिंतीमागे गवत उगवलं. आजोबा त्या गवताकडे बागेकडे पाहावं तसे पाहायचे.

त्या थंडीत माझी आई अंथरुणाला खिळली होती. वडील पहाटेच उसाला पाणी द्यायला जायचे. मी सकाळी उठून जमतील तशा भाकरी थापायचे. त्या वडील, आई आणि धाकटा भाऊ यांच्यात वाटल्या की माझ्या डब्यात अर्धी यायची, वर शेंगदाण्याची चटणी. आजोबांनी माझा डबा पाहिला आणि त्यांचा चेहराच उजळला. तो वर धरून ते सगळ्या गोलाला म्हणाले, "बघा रं! ह्याला म्हंत्यात डबा. फडकं धुतल्यालं, कण सांडला न्हाई, गरजेपुरतं हाय. शिका जरा ह्या पोरीकडनं!" दोन-तीन आयांना मुद्दाम बोलावून त्यांनी तो दाखवलाही. आमच्या घरात माझ्याआधी शाळेची पायरी कोणी चढलं नव्हतं. चारचौघांत माझं कौतुक झालं, ते पहिल्यांदा. मी रोज त्या अर्ध्या भाकरीतलाही साक्षीचा तुकडा न चुकता ठेवायचे.

एका दुपारी कवायतीत मी चक्कर येऊन पडले. काही बाधलं असेल म्हणून आजोबा धावत आले, त्यांनी मला गुळाचं पाणी पाजलं आणि माझा डबा उघडून सवयीने नाकाशी धरला.

"ह्यात काय वाईट न्हाई," ते म्हणाले. "बाकीचं कुठं सांडलंस?"

"अर्धीच असते आजोबा."

"मग ह्यो तुकडा कशाला ठिवलास?"

"साक्षीचा."

आजोबा खाली मातीत बसले.

दुसऱ्या दिवशी ते काठी न घेता आले. सोबत मोठा डबा होता. गोलात माझ्या शेजारी बसून त्यांनी दोन घास खाल्ले आणि डबा माझ्याकडे सरकवला. "वय झालं गं. एवढं जात न्हाई आता. टाकायला लावू नगंस मला." मी पोटभर खाल्लं, तरी त्यात उरलंच. पोरांनी गिल्ला केला, "आजोबांचं उरलं! चला म्हशीकडं!" सगळी वरात निघाली. आजोबा म्हशीसमोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं." पोरं हसून लोळली. म्हशीने कान हलवला, तरी आजोबा तिथेच उभे होते.

आई बरी होईपर्यंत त्यांचा डबा रोज उरत राहिला. पण त्यानंतर त्यांनी कोणाच्या डब्याचं कौतुक केलं नाही, की साक्षीच्या तुकड्याचं नाव काढलं नाही. मी हायस्कूलला गेले तेव्हा मुलगी त्यांना मेढ्याला घेऊन गेली, आणि पुढे तिकडेच ते गेल्याचं कळलं.

मी शिकले, पदवीधर झाले, आता साताऱ्यात शिकवते. मधल्या सुट्टीत मुलांचे डबे उघडले की मी कोणाचा डबा भरलेला आहे ते नंतर बघते, आधी कोणाचा हलका आहे ते बघते. आजोबा भेटले असते तर एवढंच सांगितलं असतं, की कौतुकाने भूक भागत नव्हती, हे खरं आहे. पण ते कौतुकही मला हवं होतं. त्यांनी पुढे मला जेवू घातलं, पण दिलेलं कौतुक मात्र स्वतःचा गुन्हा समजून परत घेतलं. ते माझ्याकडे राहिलं असतं, तरी चाललं असतं.