पुसलेली फरशी

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा सगळा जन्म फरशा पुसण्यात गेला. त्या रुग्णालयात वॉर्डातल्या मावशी होत्या. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या वॉर्डाला एका जुन्या सिस्टरनी नियम घालून दिला होता : ओलं ज्याला दिसेल त्यानं पुसायचं. सांडलं कुणी आणि पाळी कुणाची, हे नंतर बघायचं. सिस्टर गेल्या, वॉर्डाचा रंग बदलला, पण जाऊबाईंच्या अंगातून तो नियम गेला नाही. आमच्याकडे चहाला आल्या तरी कपाखालचा ओघळ बोटानं पुसल्याशिवाय त्यांना गप्पा सुचायच्या नाहीत.

"जाऊबाई, तुम्ही नदीकाठी जाऊ नका हं," मी चिडवायची. "पुसतच बसाल."

"तू आधी तुझा ओटा पूस," त्या म्हणायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत दादांची उजवी बाजू गेली. दादा म्हणजे त्यांचे यजमान, माझे थोरले दीर. छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलून उचलून त्यांचं शरीर धिप्पाड झालेलं, आणि ते शरीर आता पलंगावर ओंडक्यासारखं पडून. वाचा गेली. एकच शब्द राहिला, "घरी". भूक लागली की घरी, पाणी हवं की घरी, कूस बदलायची की घरी. सुरुवातीला रुग्णालयात होते तेव्हा तो शब्द खरा होता. घरी आणल्यावरही तोच राहिला.

त्यांची कूस बदलायची जाऊबाईंची एक रीत होती. उजवा हात मानेखाली, डावा कमरेखाली, एक गुडघा पलंगावर. मग म्हणायच्या, "एक, दोन, आणि..." तीन कधी म्हणायच्याच नाहीत. त्या "आणि"वर दादा आपला चांगला पाय पलंगात रोवायचे आणि तेवढं मोठं शरीर अलगद वळायचं. मी वरच्या मजल्यावर राहते. सकाळी खालून तो "आणि" ऐकू आला की मी देवापुढे दिवा लावायची. म्हणजे दोघांचंही ठीक चाललंय.

एका दुपारी त्या दादांचे डायपर आणायला मोठ्या दुकानात गेल्या. तिथल्या दुधादह्याच्या फ्रिजखालून पाणी आलं होतं. पांढऱ्या फरशीवर पांढऱ्या दिव्यांच्या उजेडात पाणी दिसत नाही. त्यांचा पाय गेला आणि त्या उजव्या खांद्यावर आपटल्या. खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

त्याच वेळी समोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत, ढकलगाडी धरून येत होते. जाऊबाईंनी काय करावं? खांदा लोंबतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, आणि त्यांनी अंगावरची शाल ओढून काढली आणि बसल्या जागी डाव्या हातानं ते पाणी टिपून घेतलं. अगदी फ्रिजच्या पायापर्यंत. म्हातारे शेजारून गेले. त्यांनी यांच्याकडे बघितलंही नाही.

मग दुकानातली सफाईवाली धावत आली. निळा एप्रन, चाळिशीची, तोंडावरचा रंग उडालेला. तिच्या मागून व्यवस्थापक.

"काय झालं? कशानं पडलात?"

जाऊबाईंनी त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. असलं तोंड त्यांनी वॉर्डात बघितलेलं होतं, स्वतःचंही. त्या म्हणाल्या, "काही नाही. माझंच लक्ष नव्हतं."

मी पोचले तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या, घामानं भिजलेल्या. मला बघून पहिलं काय विचारलं तर, "डायपर घेतलेस का गं? तिकडे तिसऱ्या फळीवर आहेत."

खांद्याचे तुकडे झाले होते. पट्टी घातली, स्क्रू घातले. डॉक्टरांनी सांगितलं, हात कानाच्या वर जाणार नाही, आणि वजन तर विसराच. जाऊबाई म्हणाल्या, "वजन म्हणजे किती?" डॉक्टर म्हणाले, "भरलेली किटलीसुद्धा नको." त्यांनी मान हलवली. दादा काही किटली नव्हेत, हे डॉक्टरांना कुठे माहीत.

मग दादांचं सगळं माझ्यावर आणि त्यांच्या मुलीवर आलं. मुलगी नोकरी सांभाळून गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायची. मला कमरेचं दुखणं. आम्ही दोघी मिळून दादांना वळवायचो, पण आम्हाला ते जमायचं नाही. "आणि" आम्हीही म्हणून बघितलं. दादा पाय रोवायचेच नाहीत. ते जाऊबाईंकडे बघायचे, त्या दारात गळ्यात हात बांधून उभ्या असायच्या. त्या तिथून म्हणाल्या तर पाय रोवायचे, पण तोवर आमचा धीर सुटलेला असायचा. महिन्याभरात दादांच्या पाठीला जखम झाली. बोराएवढी होती, ती वाढत गेली. जाऊबाईंनी ती बघितली आणि पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आपल्या हाताखालच्या पेशंटला त्यांनी कधी पाठीची जखम होऊ दिली नव्हती.

मुलगी म्हणाली, "आई, दुकानावर दावा लावायचा. भरपाई मिळाली की बाबांसाठी दिवसरात्र माणूस ठेवता येईल. नाहीतर त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल. दुसरं काय आहे, सांग."

"पडले मी, आणि दंड त्यांनी भरायचा?"

"पाणी त्यांचं होतं ना?"

"पाणी कुणाचं असतं का," जाऊबाई पुटपुटल्या. पण पलंगावरून दादा म्हणाले, "घरी." पाणी हवं होतं त्यांना. जाऊबाईंनी डाव्या हातानं पेला त्यांच्या तोंडाला लावला आणि मुलीला म्हणाल्या, "बघ वकील कुणीतरी."

वकीलबाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जाऊबाई उजवीकडचा कठडा डाव्या हातानं धरायला म्हणून उलट्या अंगानं जिना चढल्या. वर पोचल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "अपघाताच्या दाव्यासाठी येणाऱ्यांची आमच्याकडे अशी परीक्षा घेतात." आम्ही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

"पाण्याचा फोटो आहे?"

"नाही."

"पडताना कुणी बघितलं?"

"नाही."

"अंगावरचे कपडे? ओले झाले असतील."

"शाल होती. शालीनंच पुसलं मी."

वकीलबाईंनी मान वर केली. "शालीनं काय पुसलंत?"

"पाणी."

"पडल्यावर? तुम्ही स्वतः?"

"मग? म्हातारे येत होते."

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "ती शाल कुठे आहे?"

"धुतली. दह्याचा वास मारत होती."

मुलीनं कपाळाला हात लावला. जाऊबाई तिच्याकडे आणि वकीलबाईंकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळत होतं आणि पटत नव्हतं. "माझंच लक्ष नव्हतं" असं व्यवस्थापकाला सांगितल्याचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं, कुणी न विचारता. काही लपवायचं नसतं वकिलापासून, असं त्यांनी ऐकलेलं होतं.

वकीलबाईंनी दुकानाकडून कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. त्यात जाऊबाई पाठमोऱ्या पडताना दिसत होत्या. मग बसून काहीतरी करताना. फरशी फ्रिजच्या आडोशाला होती. पाणी दिसतच नव्हतं.

"आता ती सफाईवाली," वकीलबाई म्हणाल्या. "फ्रिज गळत होता हे तिनं सांगितलं तर आपण उभे राहू. नाहीतर अवघड आहे."

दुकानाच्या मागच्या बाजूला, खोक्यांचा ढीग असतो तिथे, आम्ही दोघी तिची वाट बघत थांबलो. ती कचऱ्याची गाडी ढकलत आली आणि जाऊबाईंचा गळ्यात बांधलेला हात बघून जागच्या जागी थांबली.

"मावशी, हात अजून असाच?"

"असाच राहणार आता. तू बरी आहेस ना?"

मला राग आला. म्हटलं, इथे ख्यालीखुशाली विचारायला आलोय का आपण? मीच सगळं सांगितलं. दादा, जखम, सुनावणी. ती एप्रनचं टोक पिळत ऐकत होती.

"त्या फ्रिजचं मी आदल्या दिवसापासून सांगत होते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "म्हणाले, फडकं टाकून ठेव. फडकं टाकलं, तर म्हणाले, गिऱ्हाइकांसमोर पोतेरं काय पसरलंय, उचल. उचललं."

"एवढंच सांग तिथे," मी म्हटलं.

"तुम्हाला सोपं आहे, बाई. माझी आई घरात पडून आहे. नोकरी गेली तर तिला कुठे नेऊ?"

जाऊबाईंनी चांगल्या हातानं तिच्या दंडाला धरलं. "खोटं बोलू नकोस, एवढंच. बाकी तुझं तू बघ."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "अहो, शपथ तरी घालायची तिला."

"कुणाची घालू? तिच्या आईची?"

सुनावणी एका लहान खोलीत होती. लांब टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, निवाडा करणारे अधिकारी चष्मा पुसत बसलेले. दुकानाच्या बाजूनं एक वयस्क वकील होते. मला वाटलं होतं, आरडाओरडा करतील. त्यांनी तर जाऊबाईंना बसायला खुर्ची नीट लावून दिली.

"मावशी, आपण रुग्णालयात काय काम करायचात?"

"सफाईचं."

"म्हणजे फरशी. सगळी नोकरी?"

"सगळी."

"ओली फरशी आणि कोरडी फरशी, आपल्याइतकी कुणाला ओळखता येणार. बरोबर ना?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

"मग पाणी असतं तर आपल्याला दिसलं नसतं का?"

जाऊबाईंनी आमच्या वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाई उठून काहीतरी म्हणाल्या, उजेडाचं, पांढऱ्या फरशीचं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. मी मनात देवाचं नाव घेत बसले.

मग सफाईवालीला बोलावलं. त्या दिवशी तिनं एप्रन घातला नव्हता. तिला दुकानाच्या वकिलांनी एकच गोष्ट विचारली. "तुम्ही तिथे पोचलात तेव्हा फरशी कशी होती?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "कोरडी होती."

"नक्की?"

"कोरडी होती, साहेब."

आमच्या वकीलबाईंनी तिला फ्रिजबद्दल विचारलं. गळतो का, आधी कधी गळला का. ती म्हणाली, "मला माहीत नाही. ते दुरुस्तीवाल्यांचं काम." बोटं पिळत होती, पिळायला एप्रन नव्हता.

अधिकारी जाऊबाईंकडे वळले. "या साक्षीदार खोटं बोलताहेत असं तुमचं म्हणणं आहे का?"

मुलगी आईकडे झुकली. मीही झुकले. एक शब्द हवा होता, हो. जाऊबाईंनी त्या बाईकडे बघितलं. तिनं काही वर बघितलं नाही.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "ती आली तेव्हा कोरडीच होती. मी पुसली होती."

दावा फेटाळला गेला. वकीलबाई म्हणाल्या, वर अपील करता येईल, पण त्यांच्या आवाजातच उत्तर होतं. जिना उतरताना मुलगी आईशी बोलली नाही. खाली आल्यावर रस्त्यातच म्हणाली, "एकदा, आई. आयुष्यात एकदा दुसऱ्याला पुसू द्यायचं होतंस." आणि मग आईच्याच चांगल्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

पुढच्या महिन्यात दादांना शुश्रूषा केंद्रात नेलं. गाडी आली, दोन माणसं आली. कामाची माणसं होती, वाईट नव्हती. त्यांनी चादरीसकट दादांना धरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "एक, दोन, तीन." दादा चादरीत आक्रसले. त्यांचा चांगला पाय हवेतच राहिला. दारापुढच्या पायऱ्या उतरवताना ते म्हणत होते, "घरी, घरी." गाडीतल्या माणसानं त्यांना समजावलं, "हो आजोबा, घरीच चाललोय."

जाऊबाई दाराशी उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी पलंगावरची गादी उलटी केली, डाव्या हातानं, बराच वेळ लावून.

आता आम्ही भेटीच्या दिवशी जातो. भेटीची वेळ थोडीच असते. दादांची जखम भरत नाही. जाऊबाई त्यांच्याजवळ बसतात, त्यांचा निर्जीव हात कुरवाळतात, आणि तिथली मुलगी कूस बदलायला आली की पाठीमागून हळूच म्हणतात, "आणि." कधी दादा पाय रोवतात, कधी नाही.

गेल्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या खोलीबाहेरच्या वाटेवर पाणी सांडलेलं होतं. कुणाची तरी बादली हिंदकळली असेल. दूरवर कुणी नव्हतं. सवयीनं मीच वाकले. इतक्या वर्षांत त्यांचं मलाही लागलंय. खांद्यावरची ओढणी काढली आणि टेकवणार, एवढ्यात जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. पुसू नकोस."

मी वर बघितलं.

"आधी कुणाला तरी बोलाव. बघू दे त्यांना."

"अहो, दादा वाट बघत असतील. वेळ जाईल भेटीची."

"जाऊ दे."

मी माणूस शोधायला निघाले. कार्यालयात कुणी नव्हतं, वरच्या मजल्यावर एक बाई सापडली, ती म्हणाली येते. मी वळून आले तेव्हा जाऊबाई तिथेच उभ्या होत्या, पाण्याच्या कडेला, डावा हात भिंतीला लावून. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होत्या, "इकडून जा. ओलं आहे." खोलीचं दार उघडं होतं. आतून दादा म्हणत होते, "घरी."