टायमिंग बेल्ट मी बदलला, नाव जावयाचं झालं

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. नखांतलं ग्रीस अजून निघालं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. सध्या वाटूरला माहेरी आलेय. बाबांच्या जुन्या छोट्या गाडीचा टायमिंग बेल्ट चिरा पडून तुटायला आला होता. अंगणातच गाडी खोलली. बेल्ट एका दातानं जरी चुकीचा बसला तरी इंजिन जातं, म्हणून चार तास मान वर केली नाही. नवरा बाजेवर मोबाइल बघत होता.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मी पाने पेटीत भरत होते, तेवढ्यात शेजारचे काका आले. "कोणी केलं हो काम?"

"जावईबापूंनी," बाबा म्हणाले. "बराबर बसवला बेल्ट!"

काकांनी नवऱ्याची पाठ थोपटली. तो नुसता हसला.

काका गेल्यावर मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर लोक जावयाला हसले असते, बाई."

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "मी कशाला मधी बोलू?"

बाबांचं एक वेळ सोडून देईन. पण "हे माझ्या बायकोनं केलं" एवढं म्हणायला नवऱ्याला काय जड गेलं असेल? बायांनो, तुमच्या घरी कोणी म्हणतं का हो?