मापुलानेची भिंत

लिनोत्शिंग गावातल्या बायका जनावरांच्या दगडी आवारात पाऊल टाकत नसत. आवार पुरुषांचं. बाईची सावली पडली की गुरांचं वाटोळं होतं, असं म्हातारे सांगत आणि बायका निमूटपणे लांबून जात. म्हणून मापुलानेचा नवरा खाणीत दरडीखाली गेला आणि त्याची तीन घोडी तिच्या गळ्यात पडली, तेव्हा गावाला एकच प्रश्न पडला: ही बाई घोडी ठेवणार कुठं?

"दिराकडे सोपव," सासू म्हणाली.

"दादांच्या गाढवाची पाठ बघितलीत का, मे? सडलीय नुसती." सासूला ती 'मे' म्हणायची, आईला म्हणतात तसं. "घोडी माझ्याकडेच राहतील. आवारात नाही, बाहेर राहतील."

"या डोंगरात? हिवाळ्यात? अगं, माणसाच्या मिशीवर बर्फ साचतो इथं."

"घोड्याला मिशी कुठं असते?"

सासूला हसू आलं, पण तिनं ते घोंगडीत लपवलं.

पहिल्या हिवाळ्यात मापुलाने चुकली. दोन दिवस बर्फाळ पाऊस लागला तेव्हा तिला म्हाताऱ्या घोड्याची दया आली. तिनं भिजल्या पाठीवर जाड गोणपाट बांधलं, वर आणखी एक बांधलं. गोणपाट पाणी पीत गेलं, पाठ आत थंडगार होत गेली. चौथ्या दिवशी घोडा खोकायला लागला आणि आठव्या दिवशी गेला. गावानं सांत्वन केलं, पण डोळे म्हणत होते, सांगितलं होतं ना? मापुलाने रडली नाही. तिनं घोड्याच्या अंगावरून गोणपाट काढलं, पिळलं, आणि त्यातून निघालेलं पाणी बघत कितीतरी वेळ बसून राहिली.

त्यानंतर ती शिकली ती घोड्यांकडूनच. पाऊस लागला की ती कुठं जाऊन उभी राहतात हे तिनं पाहिलं: गावामागच्या कड्याच्या पोटाशी, जिथं वारा डोक्यावरून निघून जातो आणि जमीन उताराची म्हणून चिखल होत नाही. मग तिनं तीच जागा धरली. थंडीची चाहूल लागली की खरारा करणं बंद. अंगावर लोकर चढू द्यायची, तिच्यातला तेलकट मळ तसाच राहू द्यायचा, कारण पाणी त्याच्यावरून ओघळून जातं. उन्हाळाभर ती विळा घेऊन डोंगर चढायची आणि गवत कापून कड्याखाली लाकडांच्या मांडणीवर रचायची. शेतातला कडबाही तिथंच. बर्फ पडला की घोड्यांपुढं दाणा नाही, आधी कडबा टाकायचा.

"दाण्यानं ताकद येते," दीर एकदा म्हणाला.

"ताकद येते, पण ऊब कडब्यानं येते, दादा. पोटात चघळण चालू असलं की चूल पेटलेली राहते."

घोडी दिसायला मात्र भिकार दिसायची. केसाळ, मातकट, आयाळीत काटे. बाजारच्या दिवशी लोक विचारायचे, "मे मापुलाने, ही घोडी आहेत की केस वाढलेल्या बकऱ्या?" ती म्हणायची, "घालून बघा हात." केसांत हात घातला की आत भाकरीसारखी गरम कातडी लागायची आणि बरगड्यांवर मांस. विचारणारा हात काढून घ्यायचा आणि विषय बदलायचा. वीस वर्षं ती घोडी खालच्या दुकानातून मक्याची पोती आणि वरच्या दवाखान्यातून बाळंतिणी वाहत होती. एक हिवाळा चुकवला नाही.

दुकान खोआबानेचं होतं. त्यानं सखल मुलखातून शर्यतीचा घोडा आणला, नाव ठेवलं तलादी, म्हणजे वीज. काळाभोर, अंग असं चकचकीत की त्यात टोपी नीट करावी. त्याच्यासाठी पत्र्याची खोली बांधली, अंगाला बेतून झूल शिवून घेतली, रोज तेल लावून खरारा. मापुलाने एकदा बघून आली.

"न्ताते, पत्रा आतून घाम धरतोय," ती म्हणाली. गावात पुरुषाला मानानं न्ताते म्हणत, बाईला मे. "दार तरी उघडं ठेवा."

"मे, हा राजा आहे. तुमच्या बकऱ्यांसारखा उघड्यावर नाही राहायचा."

ती आपल्या वाटेनं गेली. हिवाळ्याच्या शेवटी शेवटी पाऊस आला, त्यात बर्फ, त्यावर वारा. तिसऱ्या दिवशी दुपारी मापुलाने घोड्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडून परतत होती तर दारात खोआबाने उभा. टोपी हातात, डोक्यावरून पाणी निथळतंय.

"मे, तलादी थरथरतोय. पत्रा उडाला वाऱ्यानं. झूल घातलीय, तरी थरथरतोय."

"झूल भिजलीय?"

"चिंब."

"मग ती झूल नाही, न्ताते, ती ओलं कफन आहे. काढा आधी!"

तो काढायला पळाला, ती पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन मागोमाग. तलादीचे कान बर्फासारखे गार होते, मान खाली. दोघांनी त्याला चालवत कड्याखाली आणलं. मापुलानेनं पेंढ्याच्या मुठी वळल्या. एक बाजू तिनं घेतली, दुसरी खोआबानेला दिली.

"जोरात. पाठ दुखेल तुमची, दुखू द्या."

"घासून केस जातील त्याचे."

"केस राहून घोडा गेला तर काय करणार, शेंडी बांधणार?"

दोघं घासत राहिली. मग तिनं त्याच्या पाठीवर सुक्या पेंढ्याचा हातभर थर दिला आणि त्यावर स्वतःच्या अंगावरची लोकरी घोंगडी टाकून सैल बांधली, म्हणजे वाफ पेंढ्यातून वर निघून जाईल आणि कातडी कोरडी होईल. ती घोंगडी तिच्या लग्नातली. खोआबाने 'नको नको' म्हणाला तोवर तिची गाठ मारून झाली होती. कोमट पाणी पाजलं, पुढं कडबा टाकला. तिची दोन केसाळ घोडी दोन्ही अंगांना येऊन उभी राहिली, तिनं बोलावलंही नव्हतं.

तलादीनं बराच वेळ कडबा हुंगला. मग एक काडी ओढली. मग दुसरी. अंधार पडायच्या आत त्याची थरथर थांबली होती आणि चघळण्याचा आवाज येत होता. मापुलाने दातांवर दात आपटत उभी होती. खोआबानेनं स्वतःची घोंगडी काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"मे," तो म्हणाला, "मी तुमच्या घोड्यांना बकऱ्या म्हणालो होतो."

"म्हणालात खरे. आता त्यांचे आभार माना."

आणि लिनोत्शिंगच्या दुकानदारानं दोन्ही घोड्यांना, भर पावसात, टोपी काढून नमस्कार केला.

पुढच्या गावसभेत मुखियानं, ज्याला सगळे मोरेना म्हणत, तिला पुरुषांसमोर उभं केलं. खोआबानेनं सगळं सांगितलं, आपली फजिती न वगळता. मुखिया म्हणाला, "मापुलाने, बोल, गावानं तुला काय द्यावं?"

सगळ्यांना वाटलं मेंढी मागेल. ती म्हणाली, "भिंत द्या, मोरेना. कड्याचा आडोसा सात-आठ घोड्यांना पुरतो. गावात चाळीसच्या वर घोडी आहेत. कड्याला जोडून दक्षिणेला दगडांची भिंत बांधा, छातीइतकी उंच, मध्ये वळण घेतलेली. छप्पर नको, दार नको. वाऱ्याला पाठ करून उभं राहता आलं की घोडं बाकीचं स्वतः बघतं."

"जागा कोण दाखवणार?" दीर मागून म्हणाला.

"मी दाखवते. सकाळी येताना दोर आणा, दादा. आणि तुमचं गाढवही आणा, त्यालाही भिंत लागेल."

सभा इतकी हसली की मुखियाला काठी आपटावी लागली.

भिंतीला अठरा दिवस लागले. मापुलाने रोज वारा तोंडावर घेत उभी राहायची आणि 'अजून दोन हात' म्हणायची. पुरुष कुरकुरत दगड उचलायचे. दोनदा तिनं बांधलेली भिंत पाडायला लावली, कारण कोपऱ्यातून वारा आत वळत होता. दुसऱ्यांदा पाडली तेव्हा दीरच पहिला वाकला.

आता डोंगरापलीकडची माणसं घोडी घेऊन येतात तेव्हा विचारतात, मापुलानेची भिंत कुठं? एकदा एकानं तिलाच विचारलं. ती पाठीवर गवताचा भारा घेऊन चालली होती.

"ती बघा समोर," ती म्हणाली. "दगड गावातल्या गड्यांनी उचलले. पण नाव बरोबर ठेवलंय."